बोलपूरला जाऊन इलिश मागू नका : शांतिनिकेतनच्या जेवणाची नाशिककरांसाठी पारख

नाशिकरोडला हावडा मेलमध्ये बसलं की तीस तासांच्या आसपास प्रवास, मग हावड्याहून दुसरी गाडी धरून आणखी अडीच-तीन तास, तेव्हा कुठं बोलपूर-शांतिनिकेतन स्टेशन येतं. एवढ्या लांब जाऊन आपली मंडळी जेवतात काय? रात्री पनीर बटर मसाला आणि जिरा राईस, आणि दुसऱ्या दिवशी 'बंगालात आलोच आहोत' म्हणून इलिश माशाची महागडी थाळी. यातलं एकही तिथलं नाही. परत आल्यावर मग ऐकायला मिळतं, 'जेवणाचे हाल झाले हो, सगळं गोड आणि मोहरीच्या तेलातलं.' हाल होतात ते चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, चुकीचा पदार्थ मागितल्यामुळे.

शांतिनिकेतन पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात येतं. हा राढ भाग. लाल मुरमाड माती, उन्हाळ्यात चाळिशीच्या वर जाणारा पारा, समुद्र लांब. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकुर यांनी १८६३ मध्ये इथं आश्रम उभा केला, रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शाळा आणि १९२१ मध्ये विश्वभारती सुरू केली, २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं. लोक जातात ते यासाठी. पण या मातीचं स्वतःचं एक जेवण आहे, ते कोलकात्याचं नाही, आणि त्याची चार नावं लक्षात ठेवली तरी पुरे : पोस्तो म्हणजे खसखस, बिउलीर डाळ म्हणजे उडदाची डाळ, मुडी म्हणजे मुरमुरे, आणि थंडीत नोलेन गुड म्हणजे खजुरीचा नवा गूळ.

आमचं मत आधीच सांगतो. दुपारचं जेवण उत्तम, तेही साध्या भातेर होटेलात, म्हणजे भाताच्या खानावळीत. सकाळचा नाश्ता फार चांगला, पण आठ-साडेआठच्या आत. रात्रीचं जेवण जेमतेम. मिठाई चांगली, पण निवडून. रिसॉर्टचं जेवण दिसायला देखणं, चवीला मात्र ज्याचं त्याचं नशीब.

आलू पोस्तो आणि बिउलीर डाळ

आपल्याकडे खसखस लागते ती अनारशाला, फार तर एखाद्या वाटणात चमचाभर. बीरभूममध्ये तीच मुख्य भाजी. दाण्याचा कूट आपल्या भाजीत जे काम करतो, ते तिथं खसखस करते. ब्रिटिश काळात अफूच्या बोंडातला चीक काढल्यावर उरलेलं बी राढच्या स्वयंपाकघरात आलं, असं तिथं सांगतात. आज अफूची परवानाधारक शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते, बंगालात नाही. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त खातात तिथं खसखस बाहेरून येते, आणि तिचा भाव आपल्याला अनारशाच्या दिवसांत माहीत होतोच. म्हणून भातेर होटेलात साध्या थाळीत पोस्तो बहुतेक वेळा नसतो, वेगळा मागावा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. जर कुणी अगदी स्वस्त थाळीत पोस्तो वाटीभरून देत असेल, तर त्यात खसखस किती आहे हे बघायला हवं.

बघायचं कसं? चांगल्या आलू पोस्तोला रस्सा नसतो. बटाट्याच्या फोडी सुपारीएवढ्या, कडा शाबूत, आणि त्यांच्यावर फिकट पांढऱ्या रंगाचा रवाळ थर चिकटलेला. हळद नसते. बोटानं फोड दाबली की थर किंचित सरकतो आणि बाजूला मोहरीचं पिवळं तेल सुटतं. दाताखाली बारीक कण जाणवलेच पाहिजेत, कारण पाट्यावर वाटलेली खसखस कधीच लोण्यासारखी मऊ होत नाही. काजू किंवा मगज बी घातलं असेल तर थर गुळगुळीत लागतो आणि गोडसर चव मागे राहते. तांदळाचं पीठ असेल तर गार झाल्यावर खळीसारखं घट्ट होतं. जिभेवर कडवट आलं तर दोन शक्यता : खसखस जुनी होऊन खवट झाली आहे, कारण तिच्यात तेल भरपूर असतं, किंवा फोडणीतली कलौंजी जळली आहे. तशी वाटी परत करायला संकोच वाटून घेऊ नका.

जोडीला बिउलीर डाळ. सालं काढलेली पांढरी उडीद डाळ, आलं आणि बडीशेप वाटून घातलेली, हिंगाची फोडणी, हळद नाही. सुरगाणा-पेठकडं नागलीच्या भाकरीबरोबर उडदाची आमटी खाल्लेल्या माणसाला ही डाळ परकी वाटणार नाही. फरक एवढाच की तिखट जवळपास नाही आणि बडीशेपेचा वास आधी येतो. पहिल्या घासाला तो वास मुखवासासारखा वाटतो आणि आपले लोक तिथंच वाटी बाजूला सरकवतात. तसं करू नका. भातावर डाळ घाला, त्यात आलू पोस्तोची एक फोड कुस्करा, कच्च्या हिरव्या मिरचीचा एक चावा घ्या. डाळीचा बुळबुळीतपणा, खसखशीचा रवाळपणा आणि मिरचीचा झटका हे तिन्ही एका घासात यावं लागतं. वेगवेगळं खाल्लं तर तिन्ही सपक. राढमधल्या घरोघरी उन्हाळ्याच्या दुपारी हीच जोडी असते, कारण दोन्ही पदार्थ अंगाला थंड मानतात.

उडदाची डाळ उन्हाळ्यात लवकर आंबते. एप्रिल-मेमध्ये ती दुपारीच घ्या. संध्याकाळी वाढलेली डाळ तारेसारखी ओढली जात असेल किंवा आंबूस वास येत असेल तर हात लावू नका.

पोस्तोचे आणखी तीन प्रकार विचारण्यासारखे आहेत. झिंगे पोस्तो, म्हणजे दोडक्याचा; उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यात सगळ्यात चांगला, पण दोडका पाणी सोडतो म्हणून पातळ असतो, ती चूक समजू नये. पोस्तोर बडा, म्हणजे वाटलेल्या खसखशीच्या चपट्या टिकिया, कमी तेलात परतलेल्या. तव्यावरून थेट ताटात आल्या तरच खाव्यात, दहा मिनिटांत मऊ पडतात. आणि कांचा पोस्तो बाटा : कच्ची वाटलेली खसखस, चिरलेला कांदा, मिरची, मीठ आणि वरून कच्चं मोहरीचं तेल. ज्या होटेलात हा पदार्थ मागितल्यावर आतून पाट्याचा आवाज येतो, त्या होटेलावर डोळे मिटून विश्वास ठेवा.

जाण्याआधी घरी एकदा करून बघाल तर तिथं चव लवकर कळेल. रविवार कारंजावरच्या किराणा दुकानांतून पांढरी खसखस आणा, वास घेऊन, खवट नको. चार जणांना अर्धा किलो बटाटे, ५० ग्रॅम खसखस, चार हिरव्या मिरच्या, तीन टेबलस्पून मोहरीचं तेल, अर्धा चमचा कलौंजी, मीठ. खसखस कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी गाळून टाका, दोन मिरच्यांबरोबर जाडसर वाटा. मिक्सरच्या लहान भांड्यात थांबत थांबत फिरवा. एकदम फिरवली तर खसखस कडेला उडून बसते आणि वाटली जात नाही, मग लोक जास्त पाणी घालतात आणि पोस्तोचा रस्सा होतो. तेल धूर निघेपर्यंत तापवा, आच कमी करा, मग कलौंजी आणि उरलेल्या चिरलेल्या मिरच्या, मग बटाटा. हा धुराचा टप्पा गाळला तर तेल घशाला लागतं, आणि 'मोहरीचं तेल आम्हाला चालत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी असंच कच्चट तेल खाल्लेलं असतं. बटाटा झाकून शिजवा, शेवटी वाटण घालून पाच-सात मिनिटं परता. वरून अर्धा चमचा कच्चं तेल.

'निरामिष' या शब्दावर विसंबू नका

नाशिकहून जाणाऱ्या गटांत निम्मे तरी शाकाहारी असतात, आणि खरी पंचाईत त्यांची होते. होटेलवाला फसवतो म्हणून नाही, तर भाजी या शब्दाचा तिथला अर्थ वेगळा आहे म्हणून. कोबीच्या भाजीत माशाचं डोकं असू शकतं. मूगडाळीत माशाचं डोकं असू शकतं. दुधीच्या भाजीत कोलंबी, मयाळूच्या भाजीत कोलंबी, कच्च्या फणसाच्या भाजीतही कोलंबी. मुडीघंट हे नाव ऐकून मुरमुऱ्यांची भाजी समजाल, तर ती तांदूळ आणि माशाच्या डोक्याची असते. त्या स्वयंपाकात माशाचं डोकं हे चव आणणारं जिन्नस आहे, आपल्याकडे सुकट किंवा जवळा घालतात तसं.

निरामिष म्हणजे तिथं मुख्यतः कांदा-लसणाशिवायचं. पण 'निरामिष मांगशो' नावाचा पदार्थही आहे : कालीपूजेच्या नैवेद्याचं बोकडाचं मटण, कांदा-लसूण न घालता शिजवलेलं. तेव्हा नुसतं 'निरामिष' म्हणून थांबू नका. वाढणाऱ्याला सरळ विचारा, "दादा, एटाते माछ, चिंगडी, डीम किछु नेई तो?" म्हणजे यात मासा, कोलंबी, अंडं काही नाही ना. बाई वाढत असतील तर दीदी, वयस्कर असतील तर मासी. एवढं बंगाली बोललात की समोरचा माणूस स्वतःहून आत जाऊन खात्री करून येतो. कांदा-लसूणही नको असेल तर "पेयाज-रोसून छाडा" हे वेगळं सांगा.

चॉप (सारणाचा तळलेला वडा) आणि कटलेट घेतानाही विचारा. व्हेज चॉपचं वरचं आवरण कधी कधी फेटलेल्या अंड्यात बुडवलेलं असतं, आणि कढईतलं तेल मांसाहारी चॉपचंच असतं. घुगनी म्हणजे वाटाण्याची उसळ. तिचा खिम्याचा प्रकारही असतो.

जोडून तारापीठला, म्हणजे तारादेवीच्या देवळाला, जाणार असाल तर आणखी एक. सप्तशृंगी आणि त्र्यंबकेश्वर बघून मोठे झालेल्या आपल्याला देवीचा प्रसाद म्हणजे शाकाहारी असं वाटतं. तारापीठच्या भोगात मासे आणि मांस असतं. भोगाचं ताट घ्यायच्या आधी घरच्या ज्येष्ठांना हे माहीत असू द्या, नाहीतर त्यांना फार लागतं.

शाकाहारी माणसानं निर्धास्तपणे काय मागावं? आलू पोस्तो, बिउलीर डाळ, छोलार डाळ (हरभऱ्याची, खोबऱ्याचे तुकडे घातलेली आणि थोडी गोड), बेगुन भाजा म्हणजे वांग्याचे तळलेले काप, धोकार डालना म्हणजे डाळीच्या वड्यांचा रस्सा, छानार डालना म्हणजे ताज्या छान्याच्या (दूध फाडून काढलेल्या पनीरसारख्या) गोळ्यांचा, आणि शुक्तो. शुक्तोत कारलं, कच्चं केळं, शेवगा, वांगं, रताळं आणि सांडगे असतात, थोडं दूध आणि राँधुनी नावाचं ओव्यासारखं दिसणारं बी. कडू असतो आणि म्हणूनच पहिला वाढतात. शुक्तो दुपारीच होतो. रात्री मिळाला तर तो दुपारचा उरलेला आहे.

जेवायचं कसं

आपण ताट वाढून घेतो आणि मग सगळीकडे हात फिरवतो. बंगाली जेवण पदार्थामागून पदार्थ असं चालतं : आधी कडू, मग डाळ आणि तळण, मग भाजी, मग मासा, मग मटण, मग गोड चटणी-पापड, शेवटी दही-मिठाई. प्रत्येकाबरोबर थोडा थोडा भात. पहिल्याच वाढपात भाताचा डोंगर घेऊन त्यावर डाळ ओतली की माशापर्यंत पोचेस्तोवर पोट भरतं. टोमॅटो-खजुराची ती गोड चटणी सुरुवातीला तोंडी लावायची नसते. 'सगळं गोड आहे' ही तक्रार बऱ्याचदा चटणी आधी खाल्ल्यामुळे येते.

भात बहुतेक ठिकाणी शेद्धो, म्हणजे उकड्या तांदळाचा. घोटी-इगतपुरीच्या इंद्रायणीची सवय असेल तर तो रबरासारखा वाटेल. चिकट नाही, वास नाही. पण पातळ झोल, म्हणजे रस्सा, त्याच्यात नीट मुरतो, भात लगदा होत नाही. सुवासिक गोविंदभोग ठेवलेला असतो तो खीर आणि खिचडीसाठी. दुपारी पोळी मागू नका, नसतेच. रात्री रुटी मिळते.

बसायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, भात-डाळ-भाजी पुन्हा वाढणार का. पेट-चुक्ती असेल तर पोटभर, नाहीतर पुढच्या भाताचे पैसे. दोन, मासा आणि मटण थाळीत धरलंय की वेगळं. भांडणं होतात ती याच दोन गोष्टींवरून, आणि चूक बहुधा न विचारणाऱ्याची असते.

माशांबद्दल थोडक्यात. इलिश हा खाडीकडून नदीत चढणारा मासा, पावसाळ्यातला. बीरभूममध्ये तो बर्फात येतो, आणि डिसेंबरमध्ये मिळतो तो शीतगृहातला. लहान इलिश, २३ सेंटीमीटरच्या आतला, पकडायला पश्चिम बंगालात बंदी आहे. ताटात पंजाएवढा अख्खा इलिश आला तर न खाणं बरं. इथला स्वतःचा मासा तळ्यातला : रुई म्हणजे आपला रोहू, कटला, लहान मौराला. मोठ्या माशाचा तुकडा मागताना 'पेटी' म्हणा. पेटी म्हणजे पोटाकडचा भाग, चरबी जास्त, काटे मोठे आणि सहज दिसणारे. पाठीकडचा 'गादा' स्वस्त पडतो, पण त्यात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुबेळके बारीक काटे असतात. लहान मुलं बरोबर असतील तर गादा घेऊच नका. मौराला कुरकुरीत तळलेला, काट्यासकट खायचा.

काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा खाणाऱ्यांना तिथलं मटण फिकं वाटेल. कोचि पाठार झोल म्हणजे कोवळ्या बोकडाचा पातळ रस्सा, त्यात अर्धा बटाटा. तो तिखट मागून बिघडवू नका; स्वयंपाकी वरून लाल तिखट टाकतो आणि ते कच्चंच राहतं. कासुंदी मागा. आंबवलेल्या मोहरीची ती चटणी नाकात जाते आणि जिभेची तक्रार मिटते.

कुठं खावं

स्टेशन आणि बोलपूर बाजारातली भातेर होटेलं हीच आमची पहिली पसंती. बाकडी, स्टीलची ताटं, भिंतीवर खडूनं लिहिलेली यादी. यादी रोज पुसून लिहिलेली असेल तर आत जा. बारा ते दीडमध्ये गर्दीत दुकानदार, शिक्षक, बँकेतले लोक दिसले की समजा जागा बरोबर आहे. तीननंतर मात्र काही उरत नाही. उरतं ते कडेला चिकटलेलं.

रतनपल्ली आणि भुवनडांगा भागात विद्यार्थी आणि आश्रमातली मंडळी खातात ती छोटी ठिकाणं. चहा, टोस्ट, अंडं, घुगनी, संध्याकाळी चॉप. जेवणापेक्षा बसायला चांगली.

श्यामबाटी, प्रांतिक, सोनाझुरीकडच्या रस्त्यावरची मोठी रेस्टॉरंट म्हणजे काशाची थाळी, शालाची पानं, दहा-बारा वाट्या, मागे रवींद्रसंगीत. वातावरण प्रसन्न असतं आणि घरच्या वयस्कर माणसांना बसायला सोयीचं, हे खरं. पण बारा वाट्या रोज ताज्या करणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी कोलकात्याची गर्दी असताना पदार्थ ताजे मिळतात आणि मंगळवारी फ्रीजमधले. उलट सुट्टीच्या दिवशी दीडला गेलात तर तासभर उभं राहावं लागतं. म्हणून शनिवारी साडेबाराला पोचा, आणि मधल्या वारी थाळी टाळून तीन-चार पदार्थ वेगळे मागा.

होमस्टेमध्ये राहत असाल तर सकाळी आठच्या आत दुपारचं सांगून ठेवा. "पोस्तो आर बिउलीर डाळ" एवढं म्हणालात तरी त्या घरच्या बाईंचा चेहरा खुलतो, कारण पाहुणे नेहमी चिकन आणि फ्राइड राईस मागतात. देशी मुर्गीला दीड तास लागतो, उशीर झाला म्हणून कटकट करू नये. टोटोवाल्याला, म्हणजे ई-रिक्षावाल्याला, 'चांगलं होटेल दाखवा' म्हणण्याऐवजी 'तुम्ही स्वतः दुपारी कुठं जेवता' असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

सोनाझुरीचा हाट, म्हणजे आठवडी बाजार, मूळचा शनिवारचा. तिथं मुडी खा. आपला भत्ता आणि तिथली मुडी यांत एक फरक आहे : त्यांची मुडी जाड, खारवलेली, गरम वाळूत फुललेली, आणि राढमध्ये ती फराळाची गंमत नसून पोटाचा नाश्ता आहे. कांदा, मिरची, भिजवलेले हरभरे, वरून कच्चं मोहरीचं तेल, बाजूला आलूर चॉप. चॉप कुस्करून मुडीत घालायचा. चॉपचं तेल काळं दिसत असेल तर नुसती मुडी घ्या.

सकाळी लुची आणि आलूर दम किंवा छोलार डाळ. लुची मैद्याची, आपल्या पुरीपेक्षा पांढरी आणि मऊ. आठ-साडेआठनंतर ती टोपलीत साचून चिवट होते. बुधवारी विश्वभारतीची साप्ताहिक सुट्टी असते. आश्रम बघायचा तर तो दिवस टाळा, आणि बोलपुरातच असाल तर तोच दिवस आरामात जेवायला ठेवा. पौष मेळा, म्हणजे शांतिनिकेतनची मोठी जत्रा, ७ पौषपासून, म्हणजे २३ डिसेंबरच्या सुमाराला. त्या दिवसांत वर सांगितलेलं एकही वेळापत्रक लागू पडत नाही, मुक्कामाच्या ठिकाणीच जेवण ठरवून ठेवा.

गोड, आणि घरी काय आणावं

मिष्टी दोई मातीच्या भांड्यातलंच घ्या. मातीनं पाणी शोषून घेतल्यामुळे ते घट्ट बसतं. प्लॅस्टिकच्या कपात कडेला पाणी सुटतं. चमचा उभा राहिला पाहिजे आणि काढलेल्या जागी खड्डा तसाच दिसला पाहिजे. रंग दूध आटवण्यातून आणि जळवलेल्या साखरेतून येतो, म्हणून तो फिकट बदामी असतो. भडक केशरी दिसलं तर ते रंग घातलेलं.

थंडीत गेलात तर नोलेन गुड. खजुरीच्या झाडाला रात्री मडकं बांधून पहाटेचा रस काढतात आणि आटवतात. थंडी जितकी कडक तितका रस नितळ, म्हणून जानेवारी सगळ्यात चांगला. मकरसंक्रांतीला आपण तिळगूळ करतो तेव्हा तिथं पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ, असतात : पाटिसाप्टा (सारण भरलेली धिरड्याची गुंडाळी), दूधपुली. पुली म्हणजे तांदळाच्या पारीत खोबरं-गूळ, मोदकाचं सारण आणि करंजीचा आकार. गुळाची ढेप, म्हणजे पाटाली, घेताना कोपरा नखानं दाबा. खरी पाटाली मऊ दाबते, मोडली की आतून ओलसर, आणि वास धुरकट येतो. साखर मिसळलेली कडक असते, चकचकते आणि मोडताना टचकन आवाज करते. मार्चमध्ये कुणी 'नवा गूळ' म्हणून देत असेल तर घेऊ नका.

परतीला छान्याची मिठाई घेऊ नका. रसगुल्ला, संदेश हे नाशिकपर्यंतच्या प्रवासात टिकत नाहीत. वाटेत बर्धमानला सीताभोग-मिहिदाना या तिथल्या मिठाया घेतल्यात तर गाडीतच संपवा. घरी आणण्यासारखं म्हणजे सिउडीचा मोरब्बा. सिउडी हे बीरभूमचं जिल्ह्याचं ठिकाण, आणि तिथं कोहळा, बेल, शतावरी यांचा मुरंबा करतात. शतावरीचा घ्या, तो दुसरीकडं क्वचित मिळतो. पाक निथळलेला कोरडा प्रकार मागा, डबा गळत नाही. गोविंदभोग तांदूळ दोन किलो, बोडी म्हणजे तिथले सांडगे कडक डब्यात, आणि कासुंदीची बाटली.

पातळ झोला गुड आणायचा मोह होईल. तो गाडीतल्या उबेत फसफसतो. बाटली गळ्यापर्यंत भरून घेतली तर भुसावळच्या आसपास झाकण उडतं आणि बॅगेतले कपडे चिकट होतात. पाऊण बाटलीच भरून घ्या, पिशवीत उभी ठेवा, आणि दिवसातून दोनदा झाकण थोडं सैल करून हवा जाऊ द्या. घरी पोचल्यावर लगेच एक उकळी काढून गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.